जुनी अल्फा रोमिओ स्पायडर घेताय? आधी पत्रा, मग इंजिन

दर उन्हाळ्यात आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या सहलीला मी माझी १९८६ची अल्फा रोमिओ स्पायडर घेऊन जाते. टप खाली, मागे डब्यांची पिशवी. दरवेळी दोघे-तिघे तरी गाडीभोवती दोन फेऱ्या मारतात आणि शेवटी तेच विचारतात, "ताई, घ्यावी का अशी एखादी? खर्च किती येतो?" उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, आणि अर्धवट दिलं तर विचारणाऱ्याचे दहा-बारा हजार डॉलर पाण्यात जायचे. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते आहे. अमेरिकेत राहून पहिल्यांदाच जुनी इटालियन गाडी घेऊ पाहणाऱ्यांसाठी हे आहे. खर्चाचे आकडे माझ्या नऊ वर्षांतल्या बिलांवरून आणि ओळखीच्या मालकांच्या अनुभवावरून दिले आहेत. मजुरी ताशी १५० डॉलर धरली आहे. तुमच्या गावात ती कमी-जास्त असेल, त्या प्रमाणात आकडा हलवून घ्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करायला हवी. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी पद्मिनी होती. तीही मूळची इटालियनच, फियाट ११००; आपल्या कुर्ल्यात बनायची. डोंबिवलीला आमच्या इमारतीखाली रविवारी सकाळी बाबा आणि मिस्त्री बोनेट उघडून बसायचे. "टकटक येतेय ना? उघडून बघू." अंधार पडेपर्यंत हेड उतरवून, गॅसकेट बदलून गाडी पुन्हा चालू. मजुरी इतकी कमी होती की उघडणं हीच तपासणी असायची. अमेरिकेत हे गणित उलटं फिरतं. स्पायडरचे सुटे भाग आजही भरपूर मिळतात आणि बरेचसे स्वस्त आहेत. महाग आहेत ते हात. १०० डॉलरचा रबराचा तुकडा बसवायला ४०० डॉलर मजुरी पडते. त्यामुळे पैसे वाचतात ते दोनच गोष्टींनी. घेण्याआधी, काही न उघडता, दुखणं ओळखता आलं पाहिजे. आणि एकदा काही उघडलंच, तर त्याच वेळी हाताशी येणारी सगळी कामं उरकून घेतली पाहिजेत.

पायरी १: कोणत्या काळातली घ्यायची ते ठरवा

स्पायडर १९६६ साली जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये लोकांसमोर आली आणि १९९३पर्यंत बनत राहिली. रेखाटन पिनिनफारिनाचं. एकूण सव्वा लाखाच्या आसपास गाड्या निघाल्या. सगळ्यांत अ‍ॅल्युमिनियमचं चार सिलिंडरचं, वर दोन कॅमशाफ्ट असलेलं इंजिन, जवळपास सगळ्यांना पाच गिअर, आणि ताकद मागच्या चाकांना. चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि हे अशा काळात की जेव्हा महागड्या गाड्यांनाही मागे ड्रम असायचे.

पहिल्या मालिकेची (१९६६ ते १९६९) शेपटी लांब आणि गोलसर. इटालियन लोक तिला 'ओस्सो दी सेप्पिया' म्हणतात, म्हणजे आपलं समुद्रफेन. दिसायला तीच सर्वांत देखणी, पण तिचे भाव आता संग्राहकांच्या हातात आहेत. नवख्याने तिथे जाऊ नये. १९७०पासूनच्या दुसऱ्या मालिकेची शेपटी कापलेली. अमेरिकेतल्या गाड्यांना १९८१पर्यंत स्पिका नावाचं, पेट्रोल फवारणारं यांत्रिक इंजेक्शन होतं, त्याविषयी पुढे लिहिते. १९८२पासून बॉशचं एल-जेट्रॉनिक नावाचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं, १९८३पासून मागे काळा रबरी स्पॉयलर असलेली तिसरी मालिका, आणि शेवटी १९९०पासून चौथी: पॉवर स्टिअरिंग, बॉशचं पुढचं इंजेक्शन मोट्रॉनिक, रंगीत बंपर.

माझा सल्ला सरळ आहे. पहिली स्पायडर १९८२ची किंवा त्यानंतरची घ्या, दोन लिटरची, बॉश इंजेक्शनवाली. तिसऱ्या मालिकेत 'ग्रॅज्युएट' नावाची साधी आवृत्ती मिळते. काचा हाताने फिरवायच्या, सीट रेक्झिनच्या, चाकं लोखंडी. लोक तिला कमी लेखतात. मी कुणाला शोधून द्यायची झाली तर तीच शोधेन, कारण चाळीस वर्षं जुन्या गाडीत नसलेली मोटर बिघडत नाही.

पायरी २: पत्रा

इथे घाई करू नका. निम्मा दिवस गेला तरी चालेल. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांची दुरुस्ती कितीही मोठी असली तरी तिला शेवट असतो. आतून सडलेल्या पत्र्याला शेवट नसतो. एक जागा कापली की शेजारची दिसते. रंग चमकतोय म्हणून गाडी घेतलेल्या आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पत्रा आणि रंगावर गाडीच्या किमतीच्या दीडपट खर्च केला, आणि गाडी दोन उन्हाळे गॅरेजमधून बाहेरच आली नाही.

या गाडीला डोक्यावर पोलादी छप्पर नाही. त्यामुळे तिचा सगळा भार दाराखालच्या पेटीसारख्या पट्ट्या उचलतात. त्यांना सिल म्हणतात. त्या एकावर एक थरांच्या असतात. बाहेरचा थर नवा, रंगवलेला असू शकतो आणि आतला भुगा झालेला. हे ओळखायची युक्ती अशी: गाडी एका बाजूला मागून जॅकवर उचला आणि त्या बाजूचं दार उघडून-मिटून बघा. उचलण्याआधी दार आणि मागचा पत्रा यांतली फट जेवढी होती, तेवढीच राहिली पाहिजे. फट मिटली, दार घासलं किंवा अडकलं, तर गाडी मधून वाकते आहे. तिथूनच परत फिरा. भाव कितीही खाली आला तरी.

पाणी कुठून येतं ते समजलं की गंज कुठे शोधायचा ते आपोआप कळतं. सीटच्या मागे, टप घडी होऊन बसतो त्या खोबणीत दोन्ही कोपऱ्यांना पाण्याच्या नळ्या असतात. त्या पानांनी आणि धुळीने तुंबतात, किंवा त्यांचं रबर फाटतं. मग पावसाचं पाणी खाली रस्त्यावर न जाता सिलच्या आत आणि मागच्या चाकाजवळच्या पोकळीत उतरतं. मालकाला विचारून अर्धा कप पाणी त्या कोपऱ्यात ओता. खाली धार दिसली तर उत्तम. पाणी कुठे गेलं ते कळलंच नाही, तर ते आतच गेलं. तसंच समोरच्या काचेखालच्या हवेच्या जाळीचं. तिथली निकासी तुंबली की पाणी थेट पायाखाली येतं. गालिचा उचला, त्याखालचं फोम हाताने दाबा. ओलसर असेल किंवा कुबट वास आला तर जमिनीचा पत्रा खालून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग एक साधा लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून घ्या आणि सिल, पुढच्या मडगार्डचा दाराजवळचा खालचा भाग, मागच्या चाकाची कमान, डिकीतला स्टेपनीचा खड्डा आणि नाकाचा खालचा भाग यांवरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे. थोडी पुट्टी या वयात असणारच. हाताएवढ्या जागेत असेल तर रंगाखाली काय आहे ते विचारा. जॅक लावायच्या जागा आणि रेडिएटरखालची आडवी पट्टी खाली झोपून, टॉर्च घेऊन बघा. नुकताच फासलेला काळा डांबरी लेप मला सर्वांत जास्त खटकतो. तो गंज थांबवायला लावतात तसाच झाकायलाही लावतात.

खर्च: दोन्ही बाजूंचे सिल थरांसकट नीट बदलायचे तर रंग धरून ४,००० ते ७,००० डॉलर. जमिनीचे तुकडे दर बाजूला ८०० ते १,५००. पूर्ण गाडीचा चांगला रंग १०,००० डॉलरच्या खाली मी पाहिलेला नाही. आता हे आकडे गाडीच्या किमतीशेजारी ठेवून बघा. पत्रा उत्तम पण इंजिन थकलेलं अशी गाडी समोर आली तर तिच्याकडे वळा. उलट जोडी कधीही घेऊ नका.

पायरी ३: थंड इंजिन

बघायला जाण्याआधी मालकाला फोनवर स्पष्ट सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर काहीतरी लपवायचं असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या दिवशी या.

पहिलं काम, पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत बघणं. या इंजिनाचं प्रसिद्ध दुखणं हेड गॅसकेट आहे, म्हणजे खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधला सांधा बंद करणारा थर, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे, आत बिडाचे सुटे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत वर-खाली होतात त्या नळ्या. ब्लॉकमधून हेडकडे तेल नेणाऱ्या वाटांभोवती गॅसकेटमध्ये लहान रबरी कड्या असतात. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्यात त्या कडक होतात, मग दाबाखालचं तेल पाण्यात शिरतं. टाकीत तपकिरी, साईसारखा थर दिसला तर हेड उतरवण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला. उलट, तेल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर लगेच घाबरू नका. कमी अंतर चालणाऱ्या गाडीत थंडीत दव धरतं, त्याचीही तशी साय होते. टाकीतलं तेल मात्र दवाने येत नाही. हेडच्या सांध्यातून बाहेर थोडं पाझरणं मी चालवून घेते. माझी गाडी आठ वर्षं तशीच पाझरते आहे.

हेड गॅसकेटचा पूर्ण खर्च, हेड वर्कशॉपमध्ये घासून आणि तपासून, २,५०० ते ३,५०० डॉलर. यात दोन प्रश्न मेकॅनिकला आधीच विचारा. हेड उतरल्यावर लायनर जागेवर धरून ठेवायला क्लॅम्प लावणार का? ते न लावता कुणी क्रँक (पिस्टनना जोडलेला दांडा) फिरवला तर लायनर वर उचलले जातात आणि त्यांच्या बुडाशी असलेलं सील फाटतं. मग काम दुप्पट. दुसरा प्रश्न, काहीशे मैलांनंतर हेडचे नट पुन्हा आवळणं बिलात धरलं आहे का? ज्याला हे प्रश्न विचित्र वाटतात त्याच्याकडे गाडी देऊ नका. त्याने दुसरी पन्नास इंजिनं उघडली असतील, हे उघडलेलं नाही. आणखी एक: पोलादी स्टड आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये गंज धरून हेड कधीकधी जागचं हलत नाही. ते सोडवण्यात एक-दोन दिवस जाऊ शकतात. त्यामुळे या कामाचा ठराविक आकडा कुणी छातीठोकपणे सांगितला तर मी सावध होते.

आता गाडी सुरू करायला सांगा आणि समोर उभं राहून ऐका. १९८०पासून अल्फाने स्पायडरला इनटेक कॅमची, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपा उघडण्याची, वेळ बदलणारं यंत्र दिलं, व्हॅरिएटर. जगातल्या विक्रीच्या गाड्यांत अशी सोय पहिल्यांदा इथेच आली. ते झिजलं की सुरू करताना आणि मंद चालताना पुढच्या बाजूने डिझेलच्या इंजिनासारखी कडकड येते. ऐकून पोटात गोळा येतो, पण एवढं भिण्यासारखं ते नाही. भाग आणि मजुरी धरून ९०० ते १,२०० डॉलर. भाव करताना हा आवाज उपयोगी पडतो.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. फेरारी ३४८ किंवा ३५५चा बेल्ट बदलायला अख्खं इंजिन गाडीतून खाली काढावं लागतं आणि तेवढ्या एका सर्व्हिसच्या पैशात स्पायडरची वर्षानुवर्षांची देखभाल निघते. इथे चेन सैल झाली तर पुढचा एक बोल्ट ढिला करून ती ताणता येते. 'इटालियन म्हणजे खर्चाची खाण' असं कुणी म्हटलं की मी हा फरक आधी सांगते.

तेलाच्या दाबाचा काटा बघा, पण त्यावर निकाल देऊ नका. त्याला दाब कळवणारा सेंडर हमखास खोटं बोलतो. गरम इंजिनवर मंद चालताना काटा खाली जाणं नेहमीचंच आहे. वेग घेताना तो भरभर वर चढला पाहिजे. शंका आलीच तर यांत्रिक गेज लावून दाब मोजायला १०० डॉलर द्या. इंजिनच्या पोटाबद्दल खात्री मिळवायचा याहून स्वस्त मार्ग नाही.

पायरी ४: चालवून बघा

दुसरा गिअर. अल्फाच्या या गिअरबॉक्सबद्दल कुणालाही विचारा, पहिलं वाक्य दुसऱ्या गिअरबद्दल येईल. थंड असताना पहिल्यातून दुसऱ्यात घाईने टाकला तर करकरतो. गिअर जुळवून घेणारी सिंक्रोनायझरची कडी झिजलेली असते आणि थंड तेल जाड असतं. पहिली पाच मैलं दुसरा गिअर हळू, मध्ये क्षणभर न्यूट्रलला थांबून टाकायचा, एवढं पाळलं की बॉक्स वर्षानुवर्षं टिकतो. गाडी पूर्ण गरम झाल्यावर, ताशी २५ मैलांच्या वेगात तिसऱ्यातून दुसऱ्यात या. तरीही करकर आली तर सिंक्रो गेला. उतारावर पाय उचलल्यावर गिअर आपोआप सुटला तर त्याहून जास्त काहीतरी गेलं आहे.

बॉक्स बाहेर काढून बांधायचा तर सगळं मिळून ३,००० ते ४,००० डॉलर. पण आधी आत कोणतं तेल आहे ते विचारा. या सिंक्रोंना जीएल-४ दर्जाचं गिअर तेल लागतं. कुणी डिफरन्शियलचं जीएल-५ भरलेलं असेल तर तेवढं बदलूनही गिअर बराच मऊ पडतो. माझ्या गाडीत तसंच झालं. ७० डॉलरच्या तेलाने मी बॉक्स उघडणं सहा वर्षं पुढे ढकललं.

गाडी सुटताना आणि गिअर बदलताना मागून धक्क्यासारखा ठोका येतो का बघा. गिअरबॉक्सच्या मागे, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला जोडणारी जाड रबरी चकती असते, तिला सगळे जुबो म्हणतात. तिला तडे गेले की असा ठोका येतो. चकती १०० डॉलरची, बसवून ४५० ते ६००. ती अख्खी तुटण्याची वाट बघू नका; वेगात असताना शाफ्ट सुटला तर तो खालचा पत्रा आणि गिअरबॉक्सचं मागचं टोक, दोन्ही घेऊन जातो.

क्लच दाबून गिअर पडत नसेल, विशेषतः गाडी महिनोन्‌महिने उभी असेल, तर क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते, क्लच ढकलणारा छोटा स्लेव्ह सिलिंडर गळत असेल किंवा रबरी होज आतून फुगून तेल अडवत असेल. शेवटची दोन कामं ३०० ते ५०० डॉलरमध्ये होतात. क्लचप्लेटच बदलायची तर १,४०० ते १,८००, कारण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मग त्याच वेळी जुबो, क्रँकचं मागचं ऑइल सील, क्लच बेअरिंग आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग बदलून घ्या. भागांचे तीनशे डॉलर वाढतात, मजुरी जवळपास तेवढीच राहते. हे मी पहिल्यांदा केलं नाही. क्लच झाला, चार महिन्यांनी सील गळलं, आणि तोच बॉक्स पुन्हा खाली उतरवायला तेवढीच मजुरी पुन्हा मोजली.

बाकी झटपट: ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर कॅलिपर किंवा होज. खड्ड्यावर मागून खडखड असेल तर मागच्या अ‍ॅक्सलचे बुश. रहदारीत दहा मिनिटं उभं राहून तापमानाचा काटा कुठे थांबतो ते बघा. टप वर करून, खाली करून बघा. नवा टप बसवून १,३०० ते १,८०० डॉलर.

पायरी ५: घेतल्यावर पहिले पैसे कुठे लावायचे

गाडी घरी आली की मन रंगाकडे आणि चाकांकडे धावतं. थांबा. क्रम असा ठेवा.

पहिल्या आठवड्यात पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या. इंजेक्टरच्या डोक्यावरच्या बोटाएवढ्या नळ्यांसकट, पुढून मागपर्यंत, एकही जुनी ठेवू नका. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल दाबाखाली असतं आणि त्या नळ्या गरम इंजिनच्या शेजारून जातात. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते जुन्या रबराला आतून खातं. माझ्या गाडीची एक नळी बाहेरून काळीभोर, धड दिसत होती. वाकवली तशी बटाट्याच्या वेफरसारखी तडकली. भाग १५० डॉलर, मजुरी ४००. आणि इंजेक्शनच्या दाबासाठी बनलेलीच होज आणि क्लॅम्प वापरा, कार्ब्युरेटरच्या गाडीची चालत नाही. गाडीत आग विझवायचा छोटा सिलिंडर ठेवा. मी सीटच्या मागे ठेवते.

दुसरं, ब्रेक. होज, मास्टर सिलिंडर, ब्रेक ऑइल. कॅलिपर अडकत असतील तर तेही. सगळं मिळून १,००० ते १,८००. मग टायर. नक्षी किती उरली आहे ते सोडा, बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१४ म्हणजे २०१४चा बत्तिसावा आठवडा. दहा वर्षांपुढचा टायर कितीही नवा दिसला तरी बदला. तिसऱ्या मालिकेच्या बहुतेक गाड्यांना १४ इंची चाकं आहेत आणि चारही टायर ६०० डॉलरच्या आत येतात.

त्यानंतर कूलिंग: पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज, नवं कूलंट. ७०० ते १,०००. हेड गॅसकेटचं आयुष्य यावर आहे. एकदा तापलेलं इंजिन या खर्चाच्या चौपट मागतं.

म्हणजे चांगली गाडी घेतली तरी पहिल्या वर्षासाठी ३,००० ते ४,००० डॉलर वेगळे काढून ठेवा. ते नसतील तर तेवढ्याने स्वस्त गाडी घेऊ नका, सहा महिने थांबा. पुढची वर्षं हलकी जातात. माझा सरासरी खर्च, तेल-पाणी आणि एखादी मध्यम दुरुस्ती धरून, वर्षाला १,२०० डॉलरच्या आसपास राहिला आहे.

स्पिका असेल तर

एखाद्याला १९७४ची अप्रतिम पत्र्याची गाडी मिळाली, तर ती केवळ स्पिकासाठी सोडू नये. हा डिझेलच्या पंपासारखा यांत्रिक इंजेक्शन पंप आहे. नीट लावलेला असेल तर सुरेख चालतो. त्याची बदनामी झाली ती बहुतेक वेळा न समजता फिरवलेल्या स्क्रूंमुळे. पंपाला स्वतःचा छोटा तेलाचा फिल्टर असतो आणि तो बदलायचं मालक विसरतात, हे पहिलं. दुसरं म्हणजे इंजिनचं तापमान पंपाला कळवणारा थर्मोस्टॅटिक अ‍ॅक्च्युएटर थकतो. मग गाडी गरम झाल्यावरही पेट्रोल जास्त पिते आणि काळा धूर सोडते. पंप तज्ज्ञाकडून बांधून घ्यायला १,००० ते १,५०० डॉलर लागतात. काही जण तो काढून वेबर कार्ब्युरेटर लावतात. चालतं, पण तुमच्या राज्याचा धुराचा नियम आधी वाचा, आणि काढलेला पंप फेकू नका. पुढच्या खरेदीदाराला तो हवा असतो.

पायरी ६: स्वतःच्या हाताने काय करायचं

मजुरी महाग म्हटल्यावर इथेच खरी बचत आहे. एल-जेट्रॉनिकच्या गाडीचं मंद चालणं बिघडलं, ती मध्येच बंद पडू लागली, तर हवा मोजणाऱ्या पेटीपासून इनटेककडे जाणारा जाड रबरी पाइप काढून घड्या उघडून बघा. आत तडा सापडला तर तेच कारण. मोजल्याशिवाय हवा आत जाते आहे. ८० डॉलरचा पाइप, दोन क्लॅम्प, अर्धा तास. एका गॅरेजमध्ये मला यासाठी कॉम्प्युटर बदलायला सांगितलं होतं.

वीज रुसली, म्हणजे एक दिवा मंद, पंखा कधी चालतो कधी नाही, की आधी फ्यूज. यातले जुन्या पद्धतीचे टोकदार फ्यूज आणि त्यांच्या पट्ट्या गंजतात. बॅटरीची तार सोडा, फ्यूज काढा, पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासा, नवे फ्यूज लावा. मग अर्थिंग: बॅटरीचं, इंजिनचं, इनटेक मॅनिफोल्डवरचं, मागच्या दिव्यांचं. प्रत्येक जोड उघडून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून पुन्हा आवळा. एका रविवारचं काम आहे. त्यानंतर जे उरेल तेवढंच वायरमनकडे न्या.

तेल बदलणं सोपं, फक्त साडेसहा लिटरच्या आसपास लागतं, नेहमीच्या डब्याने पुरत नाही. मी २०डब्ल्यू-५० भरते. एकटीने सुरुवात करायची भीती वाटत असेल तर अल्फा रोमिओ ओनर्स क्लबच्या जवळच्या शाखेत जा. हा क्लब १९५८पासून इथे आहे. तिथे शनिवारी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये गाड्या उघडलेल्या असतात आणि नवख्याला शेजारी उभं करून शिकवणारे लोक भेटतात. मला हेड आवळायला शिकवलं ते सत्तरी ओलांडलेल्या एका इटालियन आजोबांनी. आमच्या मिस्त्रींसारखंच, पान्याने बोल्ट हलवायच्या आधी बोटाने त्याच्याभोवतीची माती काढायची त्यांची सवय होती.

पायरी ७: हिवाळा

रस्त्यावर मीठ पडायच्या आधी गाडी आत घ्या आणि दोन-तीन मोठे पाऊस पडून रस्ते धुतल्याशिवाय बाहेर काढू नका. पेट्रोलची टाकी पूर्ण भरून त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं रसायन) घाला, तेल बदलून ठेवा, बॅटरीला मंद चार्जर लावा, टायरची हवा थोडी वाढवा. हातब्रेक ओढून ठेवू नका, चाकांना ठोकळे लावा. क्लच चिकटू नये म्हणून काही जण पेडल लाकडाच्या फळीने दाबून ठेवतात. मी महिन्यातून एकदा इंजिन बंद ठेवून दहा-बारा वेळा क्लच दाबते आणि गाडी हाताने हातभर पुढे-मागे ढकलते. टप वर करूनच ठेवा. घडी करून ठेवलेल्या टपाची मागची प्लास्टिकची काच थंडीत कडक होते आणि वसंतात उघडताना घडीवरच तडकते. त्या एका काचेसाठी शिवणकाम धरून ३०० डॉलर जातात.

वसंतात पहिल्यांदा सुरू करायच्या आधी बोनेट उघडून पेट्रोलच्या नळ्यांवरून हात फिरवा आणि बोटं नाकाशी धरा. वास आला नाही तरच किल्ली फिरवा.